बंगळूरहून कयाकने सागरसफर : खडकाळ किनाऱ्यावर जाण्यापूर्वी

बंगळूर शहर दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. अरबी समुद्र येथून बराच दूर आहे. तरीही सुट्यांच्या काळात गोकर्णच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांत बंगळूरकरांचा भरणा मोठा असतो आणि त्यांत नोकरीनिमित्त त्या शहरात स्थायिक झालेली मराठी मंडळीही असतात. शुक्रवारी रात्री निघायचे, शनिवारी सकाळी समुद्र गाठायचा आणि रविवारी रात्री परतीची गाडी पकडायची, असा साधारण बेत असतो. समुद्राची स्थिती मात्र या बेतात कोणी विचारात घेतलेली नसते. खडकांलगत कयाक वल्हवण्याच्या सफरीत मार्गदर्शकाला महत्त्व येते ते यामुळे. रस्ता दाखवणे हे त्याचे काम आहेच, पण ‘आज जायचे नाही’ हा निर्णय घेणे हे त्याहून मोठे काम आहे.

कयाक ही अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती, बसून चालवायची होडी. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांतील इन्युइट लोक शिकारीसाठी लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवत असत. तिचे नावही त्यांच्याच भाषेतून आलेले आहे. आज भारतीय किनाऱ्यांवर पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या बहुतेक कयाक प्लॅस्टिकच्या आणि वरून उघड्या असतात. उलटल्यास त्या सरळ करून पुन्हा चढता येते आणि आत आलेले पाणी तळातील छिद्रांतून निघून जाते. लांब पल्ल्याची बंद कयाक यापेक्षा वेगळी. ती सुमारे पाच मीटर लांब आणि जेमतेम साठ सेंटिमीटर रुंद असते. वेगाने जाते, परंतु उलटल्यावर तिच्यातून बाहेर पडण्याचा सराव आधीच केलेला असावा लागतो. नवख्याने उघडी कयाक घेण्यात कमीपणा नाही.

मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी द्वारका ते कन्याकुमारी हे सुमारे तीन हजार किलोमीटरचे सागरी अंतर कयाकने पार केल्यापासून भारतात या क्रीडाप्रकाराविषयी कुतूहल वाढले. मात्र त्यामागे दीर्घ सराव होता आणि किनाऱ्यावरून साथ देणारी व्यक्तीही होती. दोन तासांच्या पर्यटकी सफरीची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही. दोन्हींत समुद्र तोच असतो, एवढेच साम्य.

खडक आणि लाट

उत्तर कन्नड जिल्ह्यात सह्याद्रीच्या रांगा समुद्राच्या अगदी जवळ येतात. त्यांची टोके पाण्यात उतरून भूशिरे तयार झाली आहेत आणि दोन भूशिरांच्या मध्ये पुळणी आहेत. गोकर्णला कुडले, ओम, हाफ मून आणि पॅराडाइज या पुळणी उत्तरेकडून दक्षिणेकडे अशाच क्रमाने लागतात. शेवटच्या दोन पुळणींवर मोटाररस्ता जात नाही. पायवाटेने किंवा होडीनेच पोहोचावे लागते. ओमपासून पॅराडाइजपर्यंतचे अंतर पाण्यावरून अवघे दोन-तीन किलोमीटर असेल. नवखा माणूस तासाला तीन-चार किलोमीटर सहज वल्हवतो, त्यामुळे कागदावर ही सफर फारच किरकोळ वाटते. प्रत्यक्षात मात्र त्या अंतराचा बराचसा भाग खडकांसमोरून जातो आणि तेथे मध्येच थकल्यास उतरायला जागा नसते.

वाळूच्या किनाऱ्यावर लाट हळूहळू फुटते आणि तिचा जोर ओसरतो. उभ्या खडकावर आदळलेली लाट मात्र जवळजवळ तितक्याच जोराने मागे फिरते. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींना भेटतात तेथे पाणी सुळक्यासारखे वर उसळते आणि त्याला निश्चित दिशा राहत नाही. अशा पाण्यात कयाक डोलते, नवखा घाबरून अंग ताठ करतो आणि वल्हे पाण्याबाहेर धरतो. होडी उलटते ती बहुधा त्या क्षणी. अनुभवी मार्गदर्शक म्हणूनच गटाला खडकापासून बरेच अंतर ठेवून नेतो. खडकाच्या कपारी आणि गुहा जवळून पाहण्याचा मोह सर्वांना होतो. समुद्र अगदी शांत असेल तेव्हाच तो पुरवावा, आणि तोही एकेकाने, डोक्यावर हेल्मेट घालून.

याहून फसवा प्रकार म्हणजे पाण्याखालचा खडक. मोठ्या लाटा एकसारख्या येत नाहीत, त्या गटागटाने येतात. काही मिनिटे एखाद्या जागी पाणी सपाट दिसते आणि मग अचानक तेथेच एक मोठी लाट फुटते. जाणकार मार्गदर्शक निघण्यापूर्वी उंच जागेवर उभा राहून दहा-पंधरा मिनिटे नुसता समुद्र पाहत राहतो. पैसे मोजून आलेल्या पर्यटकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वास्तविक सफरीतील सर्वांत मोलाची मिनिटे तीच असतात.

भरती-ओहोटीने हे चित्र दर तासाला बदलते. कारवारच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीतील फरक दोन मीटरच्या आसपास असतो. मुंबईला तो पाच मीटरच्या घरात जातो. म्हणजे कारवार-गोकर्णकडचे उधाण त्यामानाने सौम्य. पण जो खडक भरतीला खोल पाण्याखाली असतो तो ओहोटीला होडीच्या तळाशी घासण्याइतका वर येण्यास दोन मीटर पुरेसे आहेत. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या महिन्यात आलेल्या मित्राने सांगितलेली वेळ उपयोगाची नाही.

वारा आणि दूरची वादळे

शाळेच्या भूगोलात पाठ केलेले खारे आणि मतलई वारे येथे प्रत्यक्ष भेटतात. रात्रभर थंड झालेल्या जमिनीवरून पहाटे समुद्राकडे मतलई वारा वाहतो. उंच कड्याच्या आडोशाला तो जाणवत नाही आणि पाणी आरशासारखे दिसते. थोडे पुढे गेल्यावर मात्र तो होडीला किनाऱ्यापासून दूर ढकलू लागतो. जमीन तापली की दुपारच्या सुमारास वारा उलटतो. आता तो समुद्राकडून येतो आणि दमलेल्या माणसाला खडकांच्या दिशेने लोटतो. सकाळी लवकर निघून दहा-साडेदहापर्यंत परत येणे हा या किनाऱ्यावरचा शहाणपणाचा नियम आहे. दुपारी तीनची वेळ स्वस्तात मिळत असेल तर ती का स्वस्त आहे, याचा विचार करावा.

वारा नसतानाही समुद्र खवळू शकतो, ही गोष्ट पठारावरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला झालेल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून काही दिवसांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन धडकतात. केरळात या प्रकाराला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. चोरासारखा येणारा समुद्र, असा त्याचा अर्थ. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत, विशेषतः एप्रिल आणि मेमध्ये, त्याचा धोका अधिक असतो. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे ‘इन्कॉइस’, अशा लाटांचे इशारे आणि किनाऱ्यानिहाय लाटांचे अंदाज प्रसिद्ध करते. निघण्याच्या आदल्या रात्री ते कोणालाही पाहता येतात. मार्गदर्शकाने ते पाहिले आहेत का, हे विचारण्यास संकोच करू नये.

जून ते सप्टेंबर या काळात अशी सफर करूच नये. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. ऑक्टोबरमध्ये समुद्र निवळू लागतो, पण तो महिना पूर्ण भरवशाचा नाही: २०१९ मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्यार’ चक्रीवादळ अरबी समुद्रात निर्माण झाले होते. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ने उन्हाळ्याच्या शेवटाबद्दलही तोच धडा दिला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

मार्गदर्शकाची पारख

डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर कोलार जिल्ह्यातून सहलीला आलेल्या चार शाळकरी मुली बुडाल्या. त्यापूर्वी मे २०२२ मध्ये मालवणजवळ तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. यांपैकी एकही घटना कयाकची नाही. तथापि पठारावरून आलेला, समुद्राशी अपरिचित पाहुणा आणि त्याच्या सुरक्षेची जबाबदारी घेणारी यंत्रणा हा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यात १९९० पासून कार्यरत असून ती जीवरक्षक आणि जलक्रीडा चालकांना प्रशिक्षण देते. साहसी पर्यटनासाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत कयाकचाही समावेश आहे. म्हणून प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र पाहण्याची मागणी करणे हा उद्धटपणा ठरत नाही. कागदापेक्षा प्रश्नांच्या उत्तरांतून अधिक कळते. एका मार्गदर्शकाबरोबर किती जण? नवख्यांच्या गटात सहा ते आठच्या वर संख्या गेली की एकाची होडी उलटल्यावर बाकीच्यांकडे पाहायला कोणी उरत नाही. ओढून आणण्याचा दोर आहे का? कड्यांच्या आड मोबाइलला संपर्क मिळत नाही, मग काय साधन आहे? मध्येच उतरायची वेळ आली तर कोठे उतरणार?

आणि एक प्रश्न बहुतेक जण विसरतात: हवामानामुळे सफर रद्द झाली तर पैसे परत मिळतील का? जेथे परत मिळत नाहीत तेथे ग्राहक हट्ट धरतो, आणि जेथे एका सकाळचे उत्पन्न बुडणार असते तेथे चालकालाही समुद्र जरा बरा दिसू लागतो. रद्द करण्याची अट स्पष्ट आणि सोपी असलेल्या व्यावसायिकाकडे जाणे हा पहिला सुरक्षा उपाय होय.

जीवरक्षक जाकीट घातल्यावर कोणाला तरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगावे. ते कानापर्यंत सरकले तर माप चुकले आहे. हे पाणी थंड नसते, त्यामुळे गारठ्यापेक्षा ऊन आणि तहान यांचा त्रास अधिक होतो. लांब बाह्यांचा सदरा, बांधता येणारी टोपी, माणशी किमान एक-दोन लिटर पाणी आणि पायांत घट्ट बसणारी पादत्राणे हवीत. खडकांवर चिकटलेली कालवे पाय सुरीसारखी कापतात, चपला लाटेत वाहून जातात.

होडी उलटल्यास तिला आणि वल्ह्याला धरून राहावे, परंतु नेहमी समुद्राच्या बाजूस. पाण्याने भरलेल्या कयाकचे वजन दोनशे किलोच्या वर जाऊ शकते. लाट आणि किनारा यांच्यामध्ये ती असावी, तिच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये माणूस कधीही नसावा. पुळणीवर परततानाही हेच लक्षात ठेवावे, कारण प्रवास संपला असे वाटून सर्वजण सैल पडतात ते याच ठिकाणी.

बंगळूरहून जाताना

बंगळूर-कारवार पंचगंगा एक्सप्रेस रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी या किनाऱ्यावर पोहोचवते. कोल्हापूरच्या पंचगंगेशी या नावाचा संबंध नाही. बसनेही दहा-अकरा तास लागतात. अर्धवट झोप घेऊन उतरलेल्या माणसाने त्याच सकाळी खडकांसमोर वल्हे धरू नये. पहिला दिवस अघनाशिनी नदीच्या खाडीत सराव करण्यास ठेवावा. या नदीवर मोठे धरण नाही. तिच्या खाडीला जानेवारी २०२४ मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला असून खारफुटीतून फिरताना पक्षीही भरपूर दिसतात. फक्त ओहोटीच्या वेळी मुखाकडे जाऊ नये. बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारा वारा तेथे भिडतात आणि लाटा उभ्या होतात.

आणखी सवड असल्यास पूर्वतयारी समुद्रापासून दूरही करता येते. कावेरीकाठी भीमेश्वरीला, किंवा शरावतीच्या जलाशयावर होन्नेमरडूला शांत पाण्यात वल्हवणे आणि उलटलेल्या होडीत पुन्हा चढणे शिकता येते. समुद्रावर जाण्याआधी हे एकदा तरी केलेले असावे.

कारवारजवळ कदंब हा नौदलाचा तळ २००५ मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या आणि अंजदीव बेटाच्या परिसरातील पाणी प्रतिबंधित आहे. तेथे हौशी कयाकपटूने फिरकू नये. काळी नदीच्या मुखाजवळचे देवबाग मात्र पर्यटकांना खुले आहे. मराठी वाचकांनी मालवणच्या, कर्लीच्या मुखावरील देवबागशी त्याची गल्लत करू नये. दोन्हींमध्ये जवळपास निम्म्या दिवसाचा प्रवास आहे. कारवारहून उत्तरेला गोव्याच्या काणकोण तालुक्यात पाळोळे ते बटरफ्लाय बीच हा खडकांलगतचा मार्गही कयाकसाठी प्रसिद्ध असून तेथे डॉल्फिन वारंवार दिसतात. त्यांचा पाठलाग करू नये; थांबून राहिल्यास ते बऱ्याचदा स्वतःच जवळून जातात.

समुद्रावर मदत हवी असल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक देशभर उपलब्ध आहे. किनाऱ्यावरील कोणाला तरी आपण किती जण, कोणत्या रंगाच्या होडीतून, कोणत्या दिशेला गेलो आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे सांगून निघावे. त्या वेळेनंतर अर्ध्या तासात आपण दिसलो नाही तर हा क्रमांक फिरवायचा, हेही त्या व्यक्तीशी आधीच ठरवून ठेवावे.