चुंबकाचा लगाम आणि फेकीचा पल्ला

समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून, काठी आणि रीळ यांच्या साह्याने फुटणाऱ्या लाटांपलीकडे गळ फेकण्याच्या मासेमारीला ‘सर्फ फिशिंग’ म्हणतात. ब्रिटन, अमेरिका, दक्षिण आफ्रिका आदी देशांत हा केवळ छंद राहिलेला नाही. गळाला बांधलेले शिसे किती दूर जाते, याच्या तेथे स्वतंत्र स्पर्धा भरतात. या लांब फेकीच्या केंद्रस्थानी एक लहानसे यंत्र आहे. ते म्हणजे चुंबकीय ब्रेक बसवलेले फिरते रीळ. ब्रेक म्हणजे अडथळा आणि अडथळा म्हणजे पल्ल्यात घट, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात मात्र योग्य जुळणी केलेला ब्रेक पल्ला वाढवतो. हा विरोधाभास कसा घडतो, हे समजले की या रिळाचे सारे तंत्र उलगडते.

रिळांचे दोन प्रकार

किनाऱ्यावरील मासेमारीत रिळाचे दोन मुख्य प्रकार वापरात आहेत. पहिल्या प्रकारात तंगूस गुंडाळलेला दंडगोल, म्हणजे स्पूल, फेकीच्या वेळी स्थिर राहतो आणि तंगूस त्याच्या पुढच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते. हे रीळ शिकायला सोपे. दुसऱ्या प्रकारात स्पूल काठीला आडवे बसवलेले असते आणि फेकीच्या वेळी ते स्वतःच्या अक्षाभोवती गरगर फिरते. मूठ एकदा फिरवली की दातेरी चाकांमुळे स्पूलचे अनेक फेरे होतात, म्हणून त्याला ‘मल्टिप्लायर’ म्हणतात.

या दुसऱ्या प्रकाराच्या इतिहासात स्वीडनमधील स्वेंग्स्टा या गावाचे नाव ठळक आहे. तेथे १९२१ मध्ये ‘आबू’ ही कंपनी स्थापन झाली. खिशातील घड्याळे आणि पुढे टॅक्सीमीटर बनवणाऱ्या या कारखान्याने, दुसऱ्या महायुद्धात टॅक्सीमीटरची मागणी आटल्यावर, मासेमारीची रिळे बनवायला सुरुवात केली. घड्याळजीच्या हाताची ही अचूकता तिच्या ‘अँबॅसॅडर’ मालिकेत उतरली. ब्रिटनमधील लांब फेक करणाऱ्यांनी याच मालिकेतील ६५०० क्रमांकाचे रीळ आपलेसे केले. पुढे हौशी कारागिरांनी त्यात चुंबक बसवले आणि कालांतराने कारखान्यांतूनच चुंबकीय ब्रेकची रिळे बाहेर पडू लागली. अमेरिकेच्या ‘पेन’ कंपनीचे ‘५२५ मॅग’ हे त्यांपैकी एक प्रसिद्ध रीळ होय.

गुंता का होतो

फेकीच्या वेळी अंगठ्याने स्पूल घट्ट दाबून धरलेले असते. काठीचा झोका पूर्ण होताना अंगठा उचलला जातो आणि शिसे सुटते. त्या क्षणी स्पूल स्थिर असते. शिसेच त्याला ओढून फिरवते. भरलेल्या स्पूलचा व्यास ४० मिलिमीटर आणि शिशाचा वेग सेकंदाला ४० मीटर धरला, तर स्पूलला सेकंदाला सुमारे ३१८, म्हणजे मिनिटाला १९ हजारांहून अधिक फेरे घ्यावे लागतात. शून्यापासून हा वेग गाठायला त्याला सेकंदाचा एक अंश पुरतो.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. हवेच्या विरोधामुळे शिशाचा वेग लगेच घटू लागतो; मागे ताणल्या जाणाऱ्या तंगुसामुळे तो आणखी घटतो. स्पूलला मात्र मंदावण्याचे काहीच कारण नसते. जडत्वामुळे ते आपल्या गतीने फिरतच राहते. शिसे जेवढे तंगूस मागते, त्याहून अधिक तंगूस स्पूल सोडू लागते. हे जास्तीचे वेढे सैल होऊन वर उचलले जातात, एकमेकांत अडकतात आणि क्षणार्धात त्यांचा गोळा होतो. इंग्रज त्याला ‘पक्ष्याचे घरटे’ म्हणतात. हा गुंता सोडवण्यात वेळ जातो, एवढ्यावर भागत नाही. स्पूल एकदम अडकते, तंगूस तुटते आणि शिसे मोकळे सुटते. दीडशे ग्रॅमचे मोकळे शिसे म्हणजे गोफणीतून सुटलेला धोंडाच.

न शिवता थांबवणारा चुंबक

गुंता टाळण्याचा सर्वांत जुना उपाय अंगठ्याचा. त्यानंतर आला केंद्रोत्सारी ब्रेक. यात स्पूलच्या बाजूला लहान ठोकळे असतात. स्पूल फिरू लागले की ते बाहेर सरकतात आणि भोवतालच्या कड्यावर घासतात. हा ब्रेक परिणामकारक असला, तरी कमी-जास्त करायचा झाल्यास बऱ्याच रिळांत बाजूची झाकणी उघडून ठोकळे बदलावे लागतात. शिवाय घर्षण आले की झीजही आली.

चुंबकीय ब्रेकमध्ये घर्षण नाही. स्पूल ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण त्यातून वीज सहज वाहते. रिळाच्या बाजूच्या झाकणीत, स्पूलपासून किंचित अंतरावर, लहान चुंबक बसवलेले असतात. स्पूल फिरू लागले की त्याच्या धातूत, पाण्यातील भोवऱ्यांसारखे, विजेचे आवर्त प्रवाह निर्माण होतात. हे प्रवाह स्वतःचे चुंबकक्षेत्र उभे करतात आणि ते क्षेत्र फिरण्याला विरोध करते. एक भाग दुसऱ्याला शिवत नाही, तरीही स्पूलला लगाम बसतो.

या तत्त्वाचा शोध नवा नाही. फिरत्या तांब्याच्या चकतीजवळची चुंबकसुई चकतीबरोबर ओढली जाते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो यांनी १८२४ च्या सुमारास दाखवले. त्यामागचे कारण १८३१ मध्ये फॅरडे यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. जुन्या घरांतील वीजमीटरच्या काचेआड फिरणारी ॲल्युमिनियमची चकती अनेकांनी पाहिली असेल. ती भरकटू नये आणि वापरलेल्या विजेच्या प्रमाणातच फिरावी, म्हणून तिच्या कडेला चुंबक असतो. वीजमीटरची चकती आणि रिळाचे स्पूल यांना आवरणारा हात एकच आहे.

दोन ब्रेकमधील फरक वेगाच्या हिशेबात दिसतो. केंद्रोत्सारी ब्रेकचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग निम्मा झाला की जोर एक चतुर्थांश उरतो. चुंबकीय ब्रेकचा जोर ढोबळमानाने वेगाच्याच प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला की जोरही निम्मा होतो. म्हणजे फेकीच्या उत्तरार्धात चुंबकाचा लगाम तुलनेने अधिक टिकून राहतो. यात सुरक्षितता आहे आणि थोडा तोटाही. गुंत्याचा धोका पहिल्या सेकंदाच्या आसपास सर्वाधिक असतो. तो टळल्यावर तोच ब्रेक पल्ला खाऊ लागतो. म्हणून काही कसलेले स्पर्धक शिसे हवेत असतानाच ब्रेकची कळ फिरवून चुंबक मागे घेतात.

ब्रेक पल्ला कसा वाढवतो

ब्रेक स्पूलची ऊर्जा काढून घेतो, हे खरे. पण ब्रेक अपुरा असला की फेकणाऱ्याला गुंत्याची भीती वाटते आणि भ्यायलेला हात पूर्ण ताकदीने फेकत नाही. शिवाय स्पूल पुढे धावू लागले की अंगठा टेकवावा लागतो आणि अंगठ्याचा दाब चुंबकासारखा मोजून देता येत नाही. चुंबकाने घेतले असते त्याहून कितीतरी अधिक अंतर हा एक स्पर्श घेऊन जातो. उलट ब्रेक पुरेसा असेल, तर फेकणारा सारे लक्ष झोक्यावर देऊ शकतो. शिशाचा सुटतानाचा वेग वाढला की पल्ला त्याहून अधिक प्रमाणात वाढतो. हवेचा विरोध नसता, तर वेग दुप्पट झाल्यावर अंतर चौपट झाले असते. हवेमुळे ते तितके वाढत नाही, पण वेगाचे महत्त्व कायम राहते. ब्रेकने घेतलेले काही मीटर निर्धास्त झोका सव्याज परत करतो.

जुळणीची रीत

नव्या रिळाची जुळणी पूर्ण ब्रेकपासून सुरू करावी, असा संकेत आहे. प्रथम मध्यम ताकदीने काही फेकी घ्यायच्या. स्पूलवर तंगूस अगदी शांत राहत असेल, तर ब्रेक थोडा कमी करायचा. स्पूलवरचे वेढे किंचित फुगलेले दिसू लागले की मर्यादा जवळ आली असे समजायचे आणि कळ एक घर मागे न्यायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर निदान तीन फेकी घ्यायच्या. एका फेकीवरून निष्कर्ष काढणे फसवे ठरते. चुंबकाचे क्षेत्र अंतरानुसार झपाट्याने क्षीण होते आणि ब्रेकचा जोर त्या क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असतो. म्हणून कळ अगदी थोडी फिरवली तरी मोठा फरक पडतो.

एका दिवशी जमलेली जुळणी दुसऱ्या दिवशी चालेलच असे नाही. समोरून वारा असेल, तर शिसे लवकर मंदावते. ब्रेक वाढवावा लागतो. पाठीमागून वारा असेल, तर तो कमी करता येतो. नुसत्या शिशापेक्षा आमिष लावलेल्या गळाला हवा अधिक अडवते, म्हणून मैदानावर जुळवलेला ब्रेक किनाऱ्यावर कमी पडतो. स्पूल काठोकाठ भरल्यास ते आवरणे अवघड जाते. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी ठेवलेली बरी. बेअरिंगमधील तेलही ब्रेकसारखेच काम करते. दाट तेल स्पूलला मंदावते, पण थंडी-उष्म्यानुसार त्याचा दाटपणा बदलतो.

शेवटचा ब्रेक मात्र अंगठ्याचाच. शिसे पाण्यावर आदळते त्या क्षणी स्पूल फिरतच असते. तेव्हा अंगठा टेकवला नाही, तर आधी साधलेली उत्तम फेकही गुंत्यात संपते.

मैदान आणि किनारा

ब्रिटनमध्ये पल्ल्याच्या स्पर्धा पाण्यावर नव्हे, तर गवताच्या मोकळ्या मैदानावर होतात, कारण तेथेच अंतर अचूक मोजता येते. त्यासाठी १००, १२५, १५० आणि १७५ ग्रॅम ही शिशाची ठरलेली वजने आहेत. अव्वल स्पर्धकांची फेक अडीचशे मीटरच्या पुढे जाते. शिसे दोलकासारखे मागे-पुढे झुलवून मग काठीचा पूर्ण वळसा घेण्याच्या पद्धतीला तेथे मोठे स्थान आहे.

किनाऱ्यावर हे आकडे खाली येतात. आमिष, वारा, पायाखालची वाळू आणि जाड तंगूस या सर्वांचा त्यात वाटा असतो. शिवाय पल्ला म्हणजे मासा नव्हे. डॉर्सेटमधील सुमारे २९ किलोमीटर लांबीच्या चेझिल किनाऱ्यावर खोल पाणी काठालगतच असल्याने मासे अनेकदा जवळच मिळतात. उथळ, वाळूच्या किनाऱ्यांवर मात्र लाटांच्या पहिल्या रांगेमागील खळग्यापर्यंत किंवा त्यापलीकडे पोहोचावे लागते. पाणी वाचून मग अंतर ठरवणे, हा क्रम जाणकार सोडत नाहीत.

गोव्याच्या वाळूवर

रापण, पागेर आणि गरी यांची परंपरा असलेल्या गोवा-कोकणच्या किनाऱ्यावर रीळ-काठी घेऊन गरवणारे हौशी आता सर्रास दिसतात. बहुतेकांच्या हाती स्थिर स्पूलचे रीळ असते. चुंबकीय मल्टिप्लायर वापरणारे थोडे. त्यांच्यासाठी काही गोष्टी येथे विशेष महत्त्वाच्या ठरतात.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. मुख्य तंगुसाच्या पुढे जाड तंगुसाचा तुकडा, म्हणजे शॉक लीडर, बांधल्याशिवाय जोराची फेक करू नये. त्याचा रूढ हिशेब असा की, शिशाच्या दर २८ ग्रॅममागे साडेचार किलो ताण सोसण्याची क्षमता हवी. म्हणजे दीडशे ग्रॅम शिशाला सुमारे २४ किलोचा लीडर लागतो. तो काठीभर पुरून स्पूलवर आणखी पाच-सहा वेढे बसतील इतका लांब असावा आणि त्याची गाठ स्पूलच्या कडेला ठेवावी, नाहीतर ती अंगठा कापते. पर्यटकांची वर्दळ असलेल्या किनाऱ्यावर दोलक पद्धत वर्ज्यच मानावी. शिसे मागे वाळूवर टेकवून केलेली फेक पुरेशी असते आणि तीही पुढे-मागे कोणी नाही, हे पाहूनच करावी.

दुसरी गोष्ट वाळूची. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे आढळतात. अशी वाळू असेल तेथे चुंबकीय रीळ खाली ठेवले, तर बारीक कण थेट चुंबकांना जाऊन चिकटतात आणि स्पूलला घासू लागतात. रिळासाठी काठीचा उभा टेकू वापरावा. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने रीळ धुऊन वाळवावे. निओडिमियम चुंबकावरचा मुलामा एकदा खरवडला की खाऱ्या हवेत तो लवकर गंजतो.

तिसरी गोष्ट तुटलेल्या तंगुसाची. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथील वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. गुंता कापून तेथेच टाकलेले तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही. कासवांच्या आणि पक्ष्यांच्या पायांत ते अडकते. गुंत्याचा गोळा खिशात घालून घरी नेणे, हाही फेकीच्या शिस्तीचाच भाग आहे.

चांगल्या जुळणीच्या रिळातून दूरची फेक निघते, पण तिची खरी परीक्षा वेगळी असते. दिवसभरात ती किती वेळा गुंत्याविना, तंगूस न तुटता आणि कोणाला इजा न होता पूर्ण झाली, यावरच जुळणीचा कस लागतो.