तळटीप : फुटलेल्या चकतीची साक्ष

‘इंजिन निकामी झाले’ एवढ्यावर लेखकाने प्रकरण मिटवले आहे, म्हणून ही टीप. १९ जुलै १९८९ रोजी आयोवा राज्यावरून जाताना युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची पंखा-चकती फुटली. तिच्या माऱ्याने तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या आणि सू सिटीला उतरताना विमान मोडले. फ्लाइट रेकॉर्डरवरून इंजिन कधी बंद पडले ते कळते; का पडले, ते धातूलाच विचारावे लागते. चकतीचे मोठे तुकडे ऑक्टोबरमध्ये आल्टा गावाजवळच्या मक्याच्या शेतात सापडले, तेव्हा कुठे उत्तर मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली मधल्या भोकाच्या कडेला एक पोकळी दिसली आणि तिथून पसरलेल्या, धातूच्या थकव्याच्या बारीक रेषा. उड्डाणागणिक ताण येतो, चीर किंचित सरकते, रेष उमटते. रेषांचा अंदाज चकतीच्या १५,५०३ उड्डाणांशी जवळपास जुळला. दोष जन्मजात होता : टायटॅनियम वितळवतानाच नायट्रोजनमुळे राहिलेला ठिसूळ डाग.

मग तपासणी करणाऱ्यांना बोल का लावायचा, चीर तेव्हा दिसण्याजोगी नसेलच, असा आक्षेप घेता येईल. तो टिकत नाही. ७६० उड्डाणांपूर्वीच्या तपासणीत वापरलेल्या चमकत्या द्रवाचे अंश चिरेच्या आतच सापडले. द्रव शिरला होता, नजर पोचली नाही. तरी सगळे खापर एका तपासनिसावर फोडणे हा आळस झाला. एनटीएसबी या अमेरिकी तपासयंत्रणेने बोट ठेवले ते माणसाच्या मर्यादा पुरेशा न जोखणाऱ्या तपासणीपद्धतीवर.