स्त्री-समानता आणि भारतीय कायदा

‘स्त्री आणि पुरुष कायद्यापुढे समान आहेत’ या विधानाचा न्यायालये प्रत्यक्षात काय अर्थ लावतात, याविषयीची स्त्रीवादी मांडणी व तिच्याशी संबंधित निवाडे. संविधानाचा अनुच्छेद १४ समानतेची हमी देतो, १५(१) केवळ लिंगाच्या कारणावरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई करतो, तर १५(३) स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा देतो. तात्त्विक वाद मुख्यतः या मुभेभोवती झाले.

दृष्टिकोन : रत्ना कपूर व ब्रेंडा कॉसमन यांनी १९९६ मध्ये भारतीय निकालपत्रांत तीन दृष्टिकोन दाखवून दिले. स्त्री दुर्बल म्हणून तिला जपावे, हा संरक्षणवादी. स्त्री पुरुषासारखीच म्हणून नियमही एकच, हा समरूपतावादी. आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा तोटा भरून निघावा, हा सुधारक. १९५४ च्या युसूफ अब्दुल अझीझ खटल्यात व्यभिचाराच्या गुन्ह्यातून स्त्रीला वगळणे ही ‘विशेष तरतूद’ ठरली. पत्नी ही पतीच्या मालकीची, ही त्या कलमामागची धारणा तेव्हा तपासली गेली नाही. ते कलम, म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम ४९७, रद्द व्हायला २०१८ साल उजाडले.

नर्गेश मिर्झा खटला (१९८१) : या विषयातील सर्वांत बोलका निवाडा. एअर इंडियाच्या नियमांनुसार हवाई सुंदरीला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास किंवा पहिल्या गर्भारपणात, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त व्हावे लागे. त्याच विमानात काम करणारे पुरुष पर्सर ५८ व्या वर्षापर्यंत नोकरीत राहत. भरती, वेतन व बढतीचे नियम वेगळे, म्हणून हे दोन स्वतंत्र संवर्ग आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्यामुळे दोघांची तुलनाच उरली नाही. वस्तुतः संवर्ग वेगळे केले होते व्यवस्थापनानेच. गर्भारपणाची अट भारतीय स्त्रीत्वाचा अवमान म्हणून रद्द झाली, पण तिसऱ्या गर्भारपणाची अट घातल्यास ती वाजवी ठरेल, असेही निकालपत्र सांगते. चार वर्षांची लग्नबंदी टिकली. तिच्या समर्थनार्थ कुटुंबनियोजनाचा दाखला देण्यात आला. एका स्त्रीच्या नोकरीचा हक्क लोकसंख्येच्या धोरणावर तोलला जावा, हे अन्यायकारक होते.

लष्करी अधिकारी : नितीशा खटल्यात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने अप्रत्यक्ष भेदभावाची संकल्पना स्वीकारली. पुरुषांना सेवेच्या पाचव्या वा दहाव्या वर्षी लागणारा शारीरिक क्षमतेचा निकष चाळिशी-पन्नाशीतल्या स्त्री-अधिकाऱ्यांना कायम कमिशन देताना लावणे दिसायला सारखे, परिणामात विषम ठरले.

फौजदारी कायदा : बलात्काराच्या आरोपातून पोलिसांना मुक्त करणाऱ्या मथुरा खटल्यातील निकालानंतर आंदोलन उभे राहिले व १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला.

डान्सबार : महाराष्ट्राची २००५ ची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. स्त्री-संघटनांत याविषयी एकमत नव्हते.

जात : दलित स्त्रीचा अनुभव ‘स्त्री’ या एकाच प्रवर्गात मावत नाही, हे शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये मांडले.

कुटुंब : विवाहसंस्थेच्या आत समानतेची कसोटी सर्वांत कमी लावली गेली. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंना नांदायला पाठवावे म्हणून पतीने १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ चा निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. १८८७ मध्ये मात्र नांदायला जा अथवा सहा महिने तुरुंगात, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या. नांदायला भाग पाडणाऱ्या अशाच तरतुदीला, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ ला, आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरिता खटल्यात घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध मानले. ते कलम आजही कायद्यात आहे.