शॉमबर्गचे सेंट पीटर चर्च: एका शेतकरी मंडळीचा इतिहास

शिकागोच्या वायव्येस असलेले शॉमबर्ग आज वुडफील्ड मॉल आणि कार्यालयांच्या उंच इमारतींसाठी ओळखले जाते. या गावाची घडण मात्र जर्मन शेतकऱ्यांच्या एका लहानशा ल्यूथरन मंडळीभोवती झाली.

१८३० च्या दशकात या परिसरात पूर्वेकडील अमेरिकन आणि जर्मन कुटुंबे वसू लागली. जर्मनांपैकी अनेक जण शॉमबर्ग-लिप्पे या छोट्या संस्थानाच्या परिसरातून आलेले होते. १८४७ मध्ये त्यांनी सेंट पीटर ल्यूथरन चर्चची स्थापना केली. त्याच वर्षी शिकागो येथे मिसूरी सिनॉड ही ल्यूथरन महासंस्था स्थापन झाली. आरंभीच्या काळातील धर्मोपदेशक फ्रान्सिस हॉफमन पुढे १८६१ ते १८६५ या काळात इलिनॉय राज्याचे उपराज्यपाल होते.

१८५० मध्ये टाउनशिपच्या नावावर सभेत वाद झाला. तेव्हा फ्रीडरिक नेर्गे यांनी मेजावर मूठ आपटून 'शॉमबर्ग' हेच नाव ठेवण्याचा आग्रह धरला, अशी आख्यायिका आहे. पूर्वीचे 'सारा'ज ग्रोव्ह' हे नाव मागे पडले. १८६३ मध्ये बांधलेली चर्चची इमारत आजही उभी आहे.

उपासना, शिक्षण, विवाह आणि अंत्यविधी या सर्वांचे केंद्र चर्चच असल्यामुळे जर्मन भाषा येथे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जर्मन भाषेविषयी संशय बळावला आणि अनेक राज्यांनी शाळांतील तिच्या वापरावर निर्बंध घातले. हळूहळू घरातही इंग्रजी रुळली.

१९५६ मध्ये गावाला स्वतंत्र स्थानिक शासन मिळाले, तेव्हा लोकसंख्या केवळ १३० होती. पुढे द्रुतगती महामार्ग आला, १९७१ मध्ये वुडफील्ड मॉल सुरू झाला आणि शेते नाहीशी झाली. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ७८ हजार होती. जुने शेतीजीवन आता फोल्केनिंग हेरिटेज फार्म या जतन केलेल्या शेतवाडीत पाहता येते.

मंडळी आणि गावाचे नाव टिकले. घरातली भाषा मात्र टिकली नाही. शनिवार-रविवारी मुलांना मराठी शाळेत नेणाऱ्या येथील पालकांना हा इतिहास परका वाटू नये.