विमानाचं तेल चुलीवर!

शिरूर-दौंडकडं डिसेंबरच्या पहाटे विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन चालू करणं म्हणजे पैलवानकी. आजोबा हँडल फिरवायचे, चुलते नेमक्या क्षणी लिव्हर सोडायचे. तरी हटून बसलं, तर हवेच्या तोंडाशी पेटता बोळा!

१९२०-३०च्या दशकांत अलास्काच्या छोट्या विमानांचं दुखणं हेच. फक्त तिथं इंजिन रुसलं तर माणूस बर्फात अडकायचा. तेल काकवीसारखं घट्ट, पेट्रोलची वाफच होईना. नुसत्या ठिणगीनं काय पेटणार? म्हणून पायलट उतरल्या उतरल्या गरम तेल डब्यात काढून झोपडीत न्यायचे. सकाळी ते चुलीवर तापवायचं, इंजिनावर जाड कापड टाकून खाली स्टोव्ह ठेवायचा. विमानच पेटू नये म्हणून राखणही करायची. मग तेल ओतून हातानं पंखा फिरवायचा.

दुसऱ्या महायुद्धात भारी जुगाड वापरला गेला. इंजिन बंद करण्याआधी तेलातच पेट्रोल मिसळायचं! सकाळी तेल पातळ, इंजिन तापलं की पेट्रोल उडून जातं.

आपल्या शेजारच्या बारामतीत शिकाऊ विमानं उडतात, पण आपल्याकडच्या थंडीत एवढा खटाटोप लागत नाही. आजोबांना हे सगळं सांगितलं, तर म्हणाले, "तेल घरात? अन् आजी काय बोलली नाय व्हय त्यांची?"