वीजदर, मंत्रालय आणि आयोग

महाराष्ट्रात विजेचा दर 1999 पर्यंत प्रत्यक्षात मंत्रालयाच्या मर्जीनेच ठरे. 1948 च्या कायद्याने दर आकारण्याचा अधिकार वीज मंडळाला दिला होता. पण धोरणाच्या नावाखाली निर्देश देण्याची मुभा राज्य सरकारला होती. निवडणुकीच्या तोंडावर दरवाढ सुचवण्याचे धाडस कोणते मंडळ करणार? डिसेंबर 1993 मध्ये एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदी करार झाला, तेव्हाही ग्राहकांचे ऐकून दर तपासणारी स्वतंत्र यंत्रणा राज्यात नव्हती.

ओडिशाने 1996 मध्ये देशातला पहिला वीज नियामक आयोग नेमला. 1998 च्या केंद्रीय कायद्यानंतर ऑगस्ट 1999 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. 2000 मधल्या पहिल्याच दरनिश्चितीत त्याचा कस लागला. बहुतेक शेतीपंपांना मीटर नव्हते. बिल हॉर्सपॉवरवर निघे. शेतात किती वीज गेली हा सगळा अंदाजाचा मामला, त्यामुळे गळती आणि चोरी शेतकऱ्याच्या नावावर खपवणे सोपे होते. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी सुनावणीत या आकड्यांवर बोट ठेवले. शेतीचा वापर कमी धरला जाऊ लागला, तशी खरी गळती उघडी पडली. मंडळाला चारचौघांत हिशेब द्यावा लागणे हेच नवे होते.

2003 च्या विद्युत कायद्याने आयोगाला बरेच संरक्षण दिले. निवड समितीचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी राहिलेल्या व्यक्तीकडे ठेवले. मुख्य सचिव मात्र समितीत राहिले. मुदत पाच वर्षांची, त्याच पदावर फेरनेमणूक नाही. गैरवर्तनाच्या आरोपावरून सदस्याला काढायचे तर आधी विजेसाठीच्या अपिलीय न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांची चौकशी हवी. सरकारला कोणाला स्वस्त वीज द्यायची असेल, तर अनुदान आगाऊ भरायचे.

तरी कलम 108 ची फट उरलीच. धोरणविषयक बाबींत आयोगाने सरकारी निर्देशांचे मार्गदर्शन घ्यायचे, आणि बाब धोरणाची आहे की नाही असा वाद झाला, तर अंतिम निर्णय सरकारचाच! याहून सोपा मार्ग म्हणजे सरकारी वीज कंपनीने आयोगाकडे दरवाढीचा अर्जच न करणे. तामिळनाडूत 2003 ते 2010 दर हलले नाहीत. अखेर नोव्हेंबर 2011 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने आदेश दिला, की अर्ज आला नाही तर आयोगांनी स्वतःहून दरनिश्चिती सुरू करावी. आयोगाच्या रचनेबाबत, त्यात किमान एक सदस्य कायद्याच्या क्षेत्रातला हवाच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ठरवले.