सुरतेतील एक कबर

सुटीतील प्रवासात गाडी चुकणे ही आपत्तीच. परंतु कधी कधी तीच पदरात काही टाकून जाते. मागे नाताळच्या सुटीत सुरतेस आमची परतीची गाडी चुकली, आणि त्या रिकाम्या दुपारी आम्ही कतारगाम दरवाज्याकडील डच कबरस्तान पाहिले.

सुरत म्हटली की आपणांस शिवरायांची १६६४ ची स्वारी आठवते. येथे मात्र एका वनस्पतिप्रेमी अधिकाऱ्याची घुमटाची भव्य कबर आहे. डच कंपनीच्या वखारी तपासणारा हेंड्रिक व्हान रेड सुरतेस येत असता १६९१ च्या डिसेंबरात समुद्रावरच वारला. मलबारच्या वनस्पतींवरील त्याचा ‘होर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे १२ खंडांत निघाला.

मराठी वाचकास विशेष वाटावे ते पुढेच आहे. ग्रंथाच्या पहिल्याच खंडात रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तिघा कोकणी पंडितांचे प्रमाणपत्र कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत छापलेले आहे. झाडे ओळखून देणाऱ्या मलबारी वैद्याचे, इट्टी अच्युतन् याचेही निवेदन त्यात आहे.

घुमटाखाली विसावला तो अधिकारी; परंतु ज्यांच्या विद्येवर ग्रंथ उभा राहिला, त्यांची आठवण करून देणारा दगड त्या कबरस्तानात नाही. त्यांची नावे टिकली, ती त्या ग्रंथाच्या पानांतच.